लादी अशी पुसतात का? : पडद्यावरच्या आपल्या माणसांबद्दल लिहायला बसताना

दारातली | १४ जून, रात्री ११:१०

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज काढतेच.

माझी आई गेली सदतीस वर्षं मुलुंडमध्ये घरकाम करते. वय सहासष्ट, गुडघे साथ देत नाहीत, तरी दोन घरं तिनं अजून सोडलेली नाहीत. रात्री आठ ते दहा ती टीव्हीसमोर असते आणि त्या दोन तासांत तिला कुणी हाक मारलेली चालत नाही. परवा एका मालिकेत सकाळचा प्रसंग चालू होता. मोठा दिवाणखाना, सोफ्यावर सासूबाई चहा घेतायत आणि मागं कामवाली बाई लादी पुसतेय. आई एकदम म्हणाली, "अगं, ही पुढंपुढं कशी येतेय? स्वतःच्याच ओल्यावर पाय देतेय की!"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं उठून करून दाखवलं. फडकं घट्ट पिळायचं. आतल्या कोपऱ्यातून सुरुवात. उकिडवं बसून हात कमानीसारखा डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि मागं मागं सरकत दारापर्यंत यायचं. पुसलेल्यावर आपला पाय पडत नाही. दारात पोचलं की खोली झाली. "हे पहिल्याच दिवशी शिकतात. नाहीतर पावलं उमटतात आणि मॅडम परत पुसायला लावतात."

असे प्रसंग मी आयुष्यात शेकड्यांनी पाहिले असतील. कधी दिसलं नव्हतं. ज्यानं तो प्रसंग लिहिला आणि ज्यानं तो बसवला, त्या दोघांनीही कधी लादी पुसलेली नाही, हे आईला चार सेकंदांत कळलं.

मला याच गोष्टींवर लिहायचं आहे. पडद्यावर आपण कसे दिसतो, कोण आपल्याला कसं दाखवतं, आणि ते बघताना आपल्या आत काय होतं. आजवर जितक्या वेळा बसले तितक्या वेळा पहिलं वाक्य असं आलं : 'मराठी मालिकांमधील श्रमिक स्त्रीचे चित्रण हे...' आणि तिसऱ्या ओळीला पेन थांबलं. ते वाक्य माझं नव्हतंच. ते कुठल्यातरी परीक्षेच्या पेपरातलं होतं.

एकदा प्रयत्न केला होता. पाच वर्षांपूर्वी एका लेखन कार्यशाळेत मी आईच्या शनिवारबद्दल लिहिलं. शनिवारी एका घरी सुट्टी असायची, मग ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दुपारच्या खेळाला सिनेमाला जायच्या. शिकवणाऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, छान आहे, पण यात संघर्ष कुठाय? आईचं दुःख येऊ दे. मी आणलं. रात्रीत आईला रडवलं, वडिलांच्या हातात बाटली दिली. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन वही कपाटात टाकली, ती चार वर्षं बाहेर काढली नाही. मालिकावाले माझ्या आईचं जे करतात तेच मी केलं होतं, आणि मला तर लादी कशी पुसतात हे विचारायला घरातच माणूस होतं.

माझ्या नावाबद्दल. १९८८ साली महाभारत सुरू झालं तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. आई ज्यांच्याकडे कामाला जायची त्यांच्या घरी रविवारी सकाळी मी बघायला जायचे. ते लोक वाईट नव्हते, मला बिस्कीट द्यायचे. पण माझी जागा ठरलेली होती : स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधला उंबरा. तिथून टीव्ही तिरका दिसायचा आणि आतून आईच्या भांड्यांचा आवाज यायचा. पडद्यावर काय चाललंय हे मी पहिल्यांदा त्या उंबऱ्यावरून पाहिलं. त्यामुळे आता लिहिताना स्वतःसाठी एक गोष्ट पक्की केली आहे. कुठल्याही सिनेमाबद्दल लिहायचं तर तो पाहताना मी कुठे बसले होते, हे आधी लिहायचं.

गेले तीन आठवडे रोज वीस मिनिटं असं करते. एकच प्रसंग घ्यायचा, दोन-तीन मिनिटांचा. एकदा आवाज बंद करून बघायचा. एकदा डोळे मिटून नुसता ऐकायचा. आणि एकदा मुख्य माणसांकडे अजिबात न बघता फक्त मागच्या माणसांकडे बघायचं : चहा आणणारा, गाडीचं दार उघडणारा, लग्नात पंगत वाढणाऱ्या बायका. मग वहीत फक्त दिसलं ते लिहायचं. 'स्टिरिओटाइप', 'उपेक्षित', 'वास्तववादी' हे शब्द पहिल्या पानावर वापरायचे नाहीत. ते वापरले की मला वाटतं माझं बघून झालं, आणि मी बघायचं थांबवते.

इथं कुणाला असं लिहायचं असेल तर या, एकत्र करू. तुम्हाला पडद्यावर 'हे आपलं आहे' किंवा 'हे आपलं नाही' असं पहिल्यांदा कधी वाटलं, तिथून सुरुवात करा. एवढंच विचारायचं आहे.

---

मनीमाऊ | १४ जून, रात्री ११:४२

वाखू (वाचनखूण) साठवली. ते बाटलीचं वाचून पोटात कालवलं. आईंना नमस्कार सांगा. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

जुनी रीळ | १५ जून, सकाळी ७:२५

दारातली, 'मी कुठे बसले होते' हे फार मोलाचं आहे. मी पुण्यात फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केला, पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

थोडी भर घालतो, कारण कॅमेऱ्यासमोर कोण येऊ शकतं हा प्रश्न आपल्या सिनेमाच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये राजा हरिश्चंद्र लागला, त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. हॉटेलात काम करणारा माणूस. फाळक्यांना बाई मिळेना, कारण सिनेमात काम करणं कुठल्याच बाईला प्रतिष्ठेचं वाटत नव्हतं. पुढे लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. दरम्यान मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई आल्या, आणि पडद्यावरची बाई प्रथमच बाई झाली. मला यातून एक लेखनाचा विषय सुचतो, तो इथे ठेवतो : साळुंके पदर सावरताना कुणाची नक्कल करत असतील? आईची, बहिणीची, नाटकातल्या नटाची? एखाद्याचं चालणं-बसणं उचलून आपल्या अंगावर घेणं हेच तर प्रत्येक नट करतो. ज्याचं उचललं त्याला ते परत बघताना काय वाटतं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. तुमच्या आईंनी ते तुमच्यासमोर बोलून दाखवलं.

दुसरं, 'फँड्री' हा सिनेमा. २०१३. जब्या हा कैकाडी पोरगा आणि त्याच्या घरचे डुकराच्या मागे धावत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर निसटतं. मग ते पकडून काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे. मी हा सिनेमा कोथरूडला मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. दगड आला, पडदा काळा झाला, आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पॉपकॉर्नचा डबा अलगद खाली ठेवला. मी स्वतः काय केलं? मान थोडी मागे घेतली. खरंच, शरीरानेच घेतली. त्या अर्ध्या इंचाबद्दल मी दहा वर्षं लिहू शकलेलो नाही. मी कैकाडी नाही, मी गावकुसाबाहेरचा नाही. गावातल्या ज्या पोरांनी जब्याला चिडवलं, त्यांच्या बाजूच्या घरातला मी आहे. तिथून लिहायचं तर तेच लिहायला लागेल. आज संध्याकाळी वीस मिनिटं बसतो.

---

तिसरी शिफ्ट | १५ जून, दुपारी १:५०

मी मालिकांच्या सेटवर काम करतो, दिग्दर्शन विभागात, खालच्या फळीत. घोडबंदरच्या बाजूला. मालिकेचं नाव सांगणार नाही.

तुमच्या आईंनी जे पकडलं त्यामागचं कारण मला माहीत आहे आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे मागे एक मावशी यायच्या ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून. सकाळी दोन घरची भांडी करून सेटवर यायच्या. एकदा असाच सीन होता. त्यांनी फडकं पिळलं, आतल्या भिंतीपासून सुरुवात केली आणि मागं सरकत कॅमेऱ्याकडे यायला लागल्या. म्हणजे त्यांची पाठ कॅमेऱ्याकडे. दिग्दर्शक मॉनिटरवरून ओरडले, "मावशी, तोंड इकडे! पाठ नको!" त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "साहेब, मग पाय उमटतील." हे कुणी ऐकलं नाही, वेळ नव्हता. मी जाऊन त्यांना वळवलं. मीच. पुढंपुढं या म्हणालो. टेक ओके झाला.

सेटला भिंती तीन, चौथीकडे कॅमेरा. सोफ्यावरच्या बाईंचा चेहरा आधीच ठरलेला, लाइट त्यांच्यावर. मागची हालचाल त्या चेहऱ्याला साजेशी हवी. दिवसाला पूर्ण एपिसोडचं फुटेज काढायचं असतं, कधीकधी पानं सकाळी येतात आणि शाई वाळायच्या आत शूट. बाईचं पात्र लिहितानाच ते एका कामासाठी लिहिलेलं असतं : सासूबाईंना मनातलं मोठ्यानं बोलता यावं म्हणून कुणीतरी समोर पाहिजे. ती ऐकते, 'अय्या, खरं की काय!' म्हणते आणि जाते. लेखकांच्या खोलीत मी बसलो आहे. तिथे कुणी दुष्ट नसतं. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर गुरुवारी येतात आणि ज्यावर आकडा आला ते पुन्हा लिहिलं जातं.

पण कारण सांगितलं म्हणून माझी जबाबदारी सुटत नाही. त्या मावशींना उत्तम येत होतं. त्यांना जे येत होतं ते मी पुसून टाकलं आणि मग तुमच्या आई घरी बसून म्हणाल्या, हिला लादी पुसता येत नाही.

मला लिहायचं आहे. सुरुवात याच दिवसाने करीन.

---

दारातली | १५ जून, रात्री १०:१५

तिसरी शिफ्ट, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या मावशी आता कुठं असतात?" तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

आणि जुनी रीळ, तो अर्धा इंच लिहाच.

---

पिंपळपान | १६ जून, सकाळी ९:०५

चर्चा मनापासून वाचतो आहे. एक शंका आहे, ती प्रामाणिकपणे मांडतो.

ज्यानं लादी पुसली त्यानंच लादीबद्दल लिहायचं, असा नियम झाला तर लेखन संपेल. मग पुरुषानं बाईबद्दल लिहू नये, शहरातल्यानं गावाबद्दल लिहू नये. रोहेना गेरा यांचा 'सर' सिनेमा घ्या. त्यातली रत्ना महाराष्ट्रातल्या खेड्यातून मुंबईत आलेली विधवा, श्रीमंताच्या फ्लॅटमध्ये राहून काम करणारी आणि कपडे शिवायला शिकू पाहणारी. दिग्दर्शिका त्या जगातली नाही आणि रत्नाचं काम करणाऱ्या तिलोत्तमा शोमही मराठी नाहीत. तरी मला रत्ना खरी वाटली. तिला नुसतं सोसायला लावलेलं नाही, तिला काहीतरी हवं आहे. मग अनुभव हा निकष कसा?

---

नागनदी | १६ जून, सकाळी ११:३०

पिंपळपान, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण इथे कुणी 'लिहू नका' म्हटलेलं मला तरी दिसलं नाही. 'विचारून लिहा' असं म्हटलं आहे. मावशी सांगत होत्या की पाय उमटतील, आणि कुणी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कॅमेरा फिरवता आला असता.

मी नागपूरचा. आमची बोली पडद्यावर आली की थेटरात हशा पिकतो, हे मी लहानपणापासून पाहतोय. 'काहून बे' म्हटलं की लोक हसतात. आमच्या घरी आजी गेली तेव्हा माझा बाप रडत होता तोही याच भाषेत. 'मले सोडून काहून गेली व माय.' ही भाषा रडायलाही चालते हे पडद्याला माहीतच नव्हतं. मराठी सिनेमातलं दुःख प्रमाण मराठीत आणि विनोद आमच्या मराठीत, अशी वाटणी कुणी केली, मला माहीत नाही. मुंबईत कॉलेजात गेल्यावर पहिल्या महिन्यातच मी 'मले'चं 'मला' केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मला 'हे आपलं आहे' असं वाटलं ते 'कोर्ट' हा सिनेमा पाहताना. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे, २०१४. त्यातले आरोपी, लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे वीरा साथीदार, आमच्या नागपूरचे, आयुष्यभर चळवळीत राहिलेले माणूस. २०२१ मध्ये कोरोनाने गेले. ते पडद्यावर उभे राहिले की 'अभिनय चांगला आहे' वगैरे मनात येतच नाही. माणूस उभा आहे एवढंच दिसतं. पण मला आज सांगायचं आहे ते वेगळंच. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको कोर्टात साक्ष देते. वकील विचारतो, ती अगदी सपाट आवाजात उत्तरं देते. खाली उतरण्याआधी नवरा आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, मग उतरायचं. झालं. ना संगीत, ना क्लोजअप, ना रडणं. दारातलीच्या आईंचं ओलं फडकं आणि हे झुरळ मला एकाच जातीचं वाटतं. काम करणाऱ्यालाच माहीत असलेली गोष्ट. आता बघा, ताम्हाणे कधी गटारात उतरले नसतील. पण त्यांनी कुणाला तरी विचारलं असणार, आणि ऐकून घेतलं असणार.

तोच सिनेमा सरकारी वकील बाईंच्याही मागे घरी जातो. त्या लोकलने जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. आरोपीला तुरुंगात डांबा म्हणणारी बाई घरी पोळ्या लाटते. तिलाही तिचं घर दिलंय.

म्हणून वीस मिनिटांत मी आणखी एक करून बघणार आहे. प्रसंग संपल्यावर त्यातलं सगळ्यात कमी दिसलेलं माणूस घरी कुठे जातं, कोणत्या भाषेत दार वाजवतं, ते लिहायचं. आणि मी ते वऱ्हाडीत लिहीन. संवाद तेवढे बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, हे आता नको. सगळंच आमच्या बोलीत.

---

पोहणाऱ्याची आई | १६ जून, दुपारी ४:२०

पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. मालिकांमध्ये त्याच्यासारखं मूल आलं की मी रिमोट उचलते. एकतर ते मूल सगळ्यांना सुधारायला आलेलं असतं, नाहीतर आईची परीक्षा घ्यायला. त्याला स्वतःचा हट्ट नसतो. माझ्या मुलाचा हट्ट बघायचा असेल तर आमच्याकडे रविवारी या, मटणाच्या रश्श्यावरून काय चालतं ते बघा.

२०१४ साली 'यलो' लागला. गौरी गाडगीळ स्वतः डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू, आणि पडद्यावर तिनं स्वतःचंच काम केलं. माझा मुलगा तेव्हा लहान होता. थिएटरमध्ये त्याने पडद्याकडे बोट दाखवलं आणि मग ते बोट स्वतःच्या छातीला लावलं. तो तेव्हा नीट बोलत नव्हता. मी आज अकरा वर्षांनी हे पहिल्यांदा लिहून काढते आहे आणि माझे हात थरथरतायत.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या शर्टाच्या गुंड्यांबद्दल. तो गुंड्या खालून वर लावतो. सगळे वरून खाली लावतात. शाळेत त्याला कितीदा 'वरून' म्हणून शिकवलं. एक दिवस मी शांत बसून बघितलं तेव्हा कळलं. खालची गुंडी त्याला दिसते. गळ्याजवळची दिसत नाही, चाचपावी लागते. तो दिसतंय तिथून सुरू करतो आणि वर पोचेपर्यंत काज आणि गुंडी यांची जोडी चुकत नाही. त्याची पद्धत बरोबर आहे. पडद्यावर हे कुणी दाखवलं तर गुंडी चुकेल, व्हायोलिन वाजेल आणि आई डोळे पुसेल.

एक विचारायचं आहे. हे मी त्याच्याबद्दल लिहिते आहे. त्याला वाचून दाखवावं का? त्याला किती कळेल, हे मला सांगता येत नाही.

---

नागनदी | १६ जून, सायंकाळी ५:०२

ताई, दाखवा वाचून. बोट कुठे लावतो ते बघा.

---

अबोली | १७ जून, रात्री १२:३५

उशीर झाला आहे. सगळे झोपल्यावर लिहिते.

आमच्या गल्लीत गणपतीत रस्त्यावर पडदा लावून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिथूनही सिनेमा दिसतो, फक्त उलटा. अक्षरं उलटी, डावखुरे लोक उजवे. 'अशी ही बनवाबनवी' मी तिथून पाहिला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होते. हो, असंच लिहिते, 'अकरा वर्षांचा होते'. तेव्हाचं खरं तेच आहे आणि आत्ताचंही.

दोन पुरुष साडी नेसून आले आणि गल्ली हसून लोटपोट झाली. मी मागे असल्यामुळे पडद्याखालून मला पुढच्या लोकांचे चेहरे दिसत होते. माझे काका, शेजारचे, माझा भाऊ. साडी नेसलेल्या माणसाकडे बघून ते किती आनंदाने हसत होते! मला सिनेमा आठवत नाही इतके ते चेहरे आठवतात. दुपारीच मी आईची साडी नेसून आरशात पाहिली होती.

तो सिनेमा मला आजही आवडतो. अर्धे संवाद पाठ आहेत. नटांनी त्यात जीव ओतला आहे आणि तो माझ्याविरुद्ध कुणी काढला नव्हता. हे दोन्ही एकाच पानावर कसं लिहायचं, तिथे मी अडकते. कुणी मैत्रीण म्हणते सिनेमा वाईट म्हण, कुणी म्हणतं इतकं मनावर घेऊ नकोस. मला दोन्ही लिहायचं आहे. जागा मात्र सापडली, दारातलीमुळे. पडद्याची मागची बाजू.

---

पिंपळपान | १७ जून, सकाळी ८:१०

अबोली, तुमचं वाचलं आणि माझी कालची शंका थोडी वेगळी दिसायला लागली. मी निकषाबद्दल विचारत होतो. पडद्याखालून दिसणाऱ्या त्या चेहऱ्यांमध्ये मीही असणार, दुसऱ्या कुठल्यातरी गल्लीत. मी काय बघून हसलो होतो ते आठवतो आहे. तेच लिहितो.

---

तिसरी शिफ्ट | १८ जून, रात्री ११:५५

दारातली, मावशींचा पत्ता लागला. को-ऑर्डिनेटरकडून नंबर मिळाला. त्यांनी सेटवर येणं सोडलं आहे, आता कळव्याला लेकीकडे असतात. फोनवर मी तो दिवस सांगितला. त्यांना अजिबात आठवत नव्हता. म्हणाल्या, "असं रोजच सांगायचे रे बाबा." मी माफी मागितली तर त्यांनी विचारलं, जेवलास का.

चार पानं लिहून झाली आहेत. अजून टाकण्यासारखी नाहीत.

---

दारातली | २१ जून, रात्री १०:४०

शनिवार लिहिला. जुनी वही काढली, बाटलीचं पान फाडलं आणि आईला समोर बसवून पुन्हा सुरुवात केली. लिहिण्याआधी तिला विचारलं, तुझं नाव घालू का? म्हणाली, "माझं घाल. पण त्या मॅडमचं नको. त्यांच्या घरातलं मी आतून बघितलंय, ते त्यांनी मला विश्वासानं दाखवलं." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तूर्त मी दोघींचीही नावं घातलेली नाहीत.

मग वाचून दाखवलं. तिनं तीन ठिकाणी थांबवलं. घरं चार नव्हती, पाच होती. मध्यंतरात वडापाव नव्हे, घरून नेलेली भाकरी आणि ठेचा, कारण तिकिटानंतर पैसे उरायचे नाहीत. आणि तिसरं मी खाली तसंच ठेवलं आहे. सुरुवात टाकते :

'शनिवारी आई चांगली साडी नेसायची. आकाशी, बारीक काठांची. पाच घरांपैकी एकाला सुट्टी असायची, त्यामुळे बारापर्यंत ती मोकळी व्हायची. हातांना साबणाचा वास राहू नये म्हणून आधी लिंबाची फोड चोळायची, मग पावडर. दोघी मैत्रिणी रिक्षा स्टँडजवळ उभ्या असायच्या. तिघी चालत टॉकीजला जायच्या, सगळ्यात स्वस्तातलं तिकीट काढायच्या. मी शाळेतून आले की घराला कुलूप असायचं आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे.

मी लिहिलं होतं की आईला सिनेमाचं वेड होतं. पडद्यावरच्या नायिकांमध्ये ती स्वतःला शोधायची. आईने इथे मला थांबवलं.

"कसलं वेड? मला एकाही सिनेमाची गोष्ट आठवत नाही."

"मग दर शनिवारी जायचीस ते?"

"दिवे गेले की मी चप्पल काढायची आणि पाय वर घ्यायची. मध्यंतरापर्यंत झोपायची. मध्यंतरात भाकरी खायची आणि परत झोपायची. तीन तास कुणी हाक मारत नव्हतं."'

एवढंच झालं आहे. पुढचं लिहायच्या आधी तिच्या त्या दोन मैत्रिणींपैकी एकीला भेटायला जाणार आहे, ती आता डोंबिवलीला असते. ती पण झोपायची का, ते विचारायचं आहे.